पालथा न राहणारा दगड

१

दुपार चढली की उपकेंद्रात कुणी फिरकायचं नाही. मग मी सुया-सिरिंजा उकळायला ठेवायची, मागच्या खोल्या झाडून घ्यायची आणि पिराजीदादासाठी भाकरी टाकायची. शहाऐंशीचा उन्हाळा. लोहाऱ्याहून नळदुर्गकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरचं आमचं गाव, त्याचं नाव सांगत नाही. मी तिथं नर्स होते. गाव माझंच, वस्ती माझीच, नोकरी मात्र सरकारी, म्हणून राहायला दोन पत्र्याच्या खोल्या मिळाल्या होत्या. गावात टँकर यायचा, आला की रस्त्यावरची पांढरी धूळ सगळी माझ्या खिडकीतून आत.

दादा, माझा थोरला भाऊ, त्या वर्षी संक्रांतीनंतर परत आला. विहिरींना सुरुंग लावण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात तो हे काम शिकला. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, त्यानंतर त्यानं घर केलं नाही. जिथं खडक असेल तिथं जायचा. शेवटी एका ठेकेदाराबरोबर लक्षद्वीपच्या कुठल्याशा बेटावर गेला. बोटींना किनाऱ्याला यायला वाट नव्हती, समुद्रातल्या खडकाची रांग आडवी होती, ती फोडायची होती. दोन वर्षं तिथं राहिला आणि एक पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडं आला.

पेटीतून त्यानं माझ्यासाठी एक दगड काढला. ताटलीएवढा, हलका, पांढरा. खालची बाजू खडबडीत. वरच्या बाजूला मधोमध एक चीर आणि तिथून कडेपर्यंत पातळ पात्यांसारख्या शेकडो रेघा. उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री उलटी करून बघावी, तशी. मी तो खिडकीच्या शहाबादी फळीवर ठेवला.

त्या पात्यांच्या मधे धूळ बसायची आणि काढता काढता जीव जायचा. म्हणून मी दगड पालथा घालायला लागले. दुसऱ्या दिवशी झाडायला गेले की तो सुलटा असायचा. मला वाटलं, दादाला पात्यांची बाजू दिसायला हवी असेल. मी पालथा घालायची, तो सुलटा व्हायचा. बरेच दिवस असं चाललं. एकदा जेवताना मी हसून म्हटलं, "दादा, धूळ बसती म्हणून पालथा ठेवते मी. कशाला उलटवायलास?"

"म्या?" तो म्हणाला. "मला वाटलं, तूच ठेवायलीस तसा."

आम्ही दोघं हसलो. मग तो हसायचा थांबला.

"पाण्यात असतंय तवा ते असंच करतंय," तो म्हणाला. "ह्यो मोकळा राहतो, खडकाला चिकटत न्हाय. लाटेनं पालथा पडला की फुगतो, हळूहळू कलतो, आन सुलटा हुतो. त्याला उजेड लागतो."

"आणि हा?"

"ह्यो मेलाय की. उन्हात वाळवून आणलाय म्या."

त्या दिवशी मी दगड पालथा घातला आणि वर वरवंटा ठेवला. दुसऱ्या दुपारी दगड सुलटा होता. वरवंटा शेजारी होता. घरंगळलेला नव्हता, पडलेला नव्हता. कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून अलगद बाजूला ठेवावा तसा उभा ठेवलेला होता.

घुशी असतील, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या खोलीत घुशी होत्याच.

२

दादा रिकामा बसणारा नव्हता. गावात त्या साली सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाली होती. चेअरमन महालिंगप्पा. किराणा दुकान आणि पंचवीस एकर कोरडवाहू असलेला लिंगायत माणूस, बोलताना मधेच कानडीत शिरायचा. त्यानं एक गोष्ट केली जी आमच्याकडं आधी कुणी केली नव्हती: वस्तीतल्या घरांनाही संस्थेचं सभासद करून घेतलं. विहीर गावात नाही, वस्तीतही नाही, दोन्हीच्या मधे गायरानात खणायची ठरली. पाणी सगळ्यांचं.

हे सगळं कागदावर साधं दिसतं. माझ्या आईनं गावविहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन उन्हात बसून दिवस काढले होते. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. धर्म बदलला तरी विहीर बदलली नव्हती. म्हणून महालिंगप्पा उपकेंद्रात येऊन "पिराजी, विहीर तुमीच फोडायची" म्हणाला, तेव्हा दादानं मजुरीचं काही विचारलं नाही. फक्त मान हलवली. महालिंगप्पानं त्याला 'तुमी' म्हटलं, हे आम्ही दोघांनीही ऐकलं होतं.

विहीर खोल गेली. काळा पाषाण, खाली आणखी काळा पाषाण. पाण्याचा टिपूस नाही. सभासदांमधे कुजबुज सुरू झाली. गावातल्या काही घरांचं म्हणणं असं की हे गायरान सोडा, गावात देवळामागं दुसरी खणू. देवळामागं विहीर झाली तर ती कुणाची होणार, ते सांगायची गरज नव्हती.

दादा दुपारी जेवायला यायचा तेव्हा अंगावर काळी भुकटी असायची. जेवता जेवता तो त्या बेटाचं बोलायचा. विहिरीचं कमी, बेटाचं जास्ती.

"आदी मला वाटलं, खडक म्हंजे खडक. भरती उतरली की लांबवर काळपट दिसायचा, नांगरट केलेल्या रानावानी. पर आत बुडी मारली की... केशर, काय सांगू तुला. हरणाची शिंगं असल्यासारखी झाडं, दगडाची. माणसाच्या मेंदूवानी गोळे, बैलगाडीएवढे. जांभळं, हिरवं, पिवळं. आन मधी वाळूत ह्या छत्र्या, एकेकट्या पडलेल्या, वर तोंड करून."

"आणि ते तुम्ही फोडलं."

"फोडलं. पैल्या सुरुंगाला पाणी दुधावानी झालं. निवळलं तवा बघितलं, तर खाली समदं पांढरं. रंगच गेला." तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. "म्या जल्मभर दगड फोडला, त्याला काय वाटायचं न्हाय. पर तिथं पहार धरली की हाताला कळायचं, ह्यो दगड न्हाय."

"म्हणजे सगळा खडक जिवंत असतो?"

"न्हाय. जिती वरची साल तेवढी, नखाएवढी. खाली समदे मेलेले. मेलेल्यांच्या डोक्यावर जिते बसतेत. ते मेले की त्यांच्या डोक्यावर दुसरे. असं करत करत अख्खं बेट उभं ऱ्हायलंय. लोक त्याच्यावरच राहतेत, त्याचाच चुना लावतेत भिंतीला."

मी म्हटलं, "मीठ घालू का अजून?" कारण त्यानं आमटीत दोनदा मीठ घेतलं होतं आणि परत हात पुढं केला होता.

३

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कुणीतरी ज्वारीच्या लाह्या फोडतंय असं वाटलं. परळात वाळू तापवून मूठभर ज्वारी टाकली की सुरुवातीला जसं तडतडतं, तसं. बारीक, भराभर, न थांबता. पण कुणाच्या घरात लाह्या फोडण्याएवढी ज्वारी होती त्या उन्हाळ्यात?

मी पत्र्याकडं बघितलं. पत्रा तापला की तडतडतो. मी बाहेर जाऊन उभी राहिले. बाहेर आवाज नव्हता. आत आले, तर होता. सिरिंजांचं पाणी बघितलं, स्टोव्ह विझलेला होता. भिंतीला कान लावला. खिडकीतला दगड उचलून कानाशी धरला. तो गप्प होता, उन्हानं मात्र इतका तापला होता की हाताला चटका बसला.

मधल्या दारात पडदा होता. त्याच्या पलीकडं दादा जेवून आडवा झाला होता. मी पडदा बाजूला केला आणि आवाज वाढला.

दादा उताणा झोपला होता, तोंड उघडं. खोलीत दुसरं काही नव्हतं: पेटी, खुंटीवर सदरा, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. मी त्याच्या उशाशी बसले. आवाज त्याच्यातून येत होता.

मला भीती वाटली नाही, असं सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. पण खरंच नाही वाटली. मला बरंच वाटलं. छातीतली तडतड मला ओळखीची होती. दगडाच्या धुळीत आयुष्य गेलेल्या माणसाची फुफ्फुसं अशीच वाजतात. आवाजाला कारण सापडलं होतं, आणि कारण वाईट असलं तरी ते माझ्या शिक्षणातलं होतं. मी स्टेथोस्कोप आणून त्याच्या छातीवर ठेवला.

श्वास होता. ठोके होते. आणि त्यांच्या मागं, खूप लांबवर, ती तडतड. छाती हलत होती तेव्हाही होती आणि हलत नव्हती तेव्हाही होती. फुफ्फुसाची तडतड श्वासाबरोबर येते. ही श्वासाची वाट बघत नव्हती.

दादानं डोळे उघडले. "तुला बी ऐकू यायलंय?"

"काय?"

"तिथं पाण्यात डोकं घातलं की दिवसभर हेच. म्या बुडी मारणाऱ्या पोरांना इचारलं, हे काय वाजतंय? ते म्हणले, खडक वाजतो. जिता असला की वाजतो." तो उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आनंद दिसला. "आता इथं बी यायलाय आवाज. विहिरीत तळाला कान लावला म्या, तिथं बी हाय. पाणी जवळ हाय, केशर."

४

मी त्याला उस्मानाबादला नेलं. तो येत नव्हता. मी बहिणीचा नाही, नर्सचा आवाज काढला तेव्हा आला. एसटीत तो खिडकीपाशी बसला आणि सगळा रस्ता चेहरा उन्हात धरून राहिला. वाटेतली सगळी रानं उघडी, करडी, भेगाळलेली. दादा त्यांच्याकडं बघत नव्हता. त्याचे डोळे मिटलेले होते.

डॉक्टर खासगी होते, वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी दादाची छाती तपासली, पाठ तपासली, परत छाती तपासली. मग फोटो काढायला आत नेलं. "श्वास धरून ठेवा," असं आतून ऐकू आलं. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग, "सोडा की आता. अहो, सोडा श्वास!"

प्लेट बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हलले तुम्ही," म्हणाले. पुन्हा फोटो काढला.

दोन्ही प्लेटा त्यांनी मला दाखवल्या, कारण मी नर्स आहे हे त्यांना कळलं होतं. "चुना साचल्यासारखं झालंय आत. दगडाच्या धुळीचं आहे, दुसरं काय असणार. पण इतकं नीट..."

काळ्या प्लेटेवर पांढऱ्या रेघा होत्या. मधल्या हाडापासून निघून दोन्ही बाजूंना कडेपर्यंत गेलेल्या, पातळ, सारख्या अंतरावर. पहिल्या प्लेटेत त्या सरळ होत्या. दुसरीत सगळ्या एका बाजूला कललेल्या होत्या.

"कुठल्या बाजूला तोंड होतं त्यांचं दुसऱ्या वेळी?" मी विचारलं.

"दोन्ही वेळा समोरच. फक्त मधे मी खिडकी उघडली होती, उकडत होतं म्हणून." मग ते जरा चिडून म्हणाले, "मशिन जुनं झालंय, सिस्टर. प्लेट खराब येते कधीकधी. तुम्ही एक करा, यांना विहिरीत उतरू देऊ नका. एवढं सांभाळा."

बाहेर आल्यावर दादा रसवंतीच्या सावलीत थांबला नाही. रस्त्यावर ऊन पडलं होतं तिथं जाऊन उभा राहिला. मी उसाचा रस दिला, त्यानं दुकानातून चिमूटभर मीठ मागून त्यात टाकलं. चिमूटभर म्हणून मागितलं, टाकलं मूठभर.

५

घरी आणून मी त्याला झोपवलं. कोयंडा लावला नाही, पण दाराशी बसून राहायची. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

तो गोरा पडत चालला होता. आमच्या घरात कुणी गोरं नाही. आधी कपाळ, मग गाल, मग मान, आणि तो पांढरा रंग कोडाचा नव्हता. उन्हात टाकलेलं हाड असतं, तसा होता. रक्त कमी झालंय म्हणून मी लोहाच्या गोळ्या दिल्या. सकाळी उशीवर पांढरी भुकटी पडलेली असायची. ती मी बोटावर घेऊन बघितली, चुन्यासारखी लागली.

आणि तो वळायचा.

मी त्याला भिंतीकडं तोंड करून निजवायची, कारण खिडकीतून झळा येत. मी पुढच्या खोलीत एखाद्या बाईचं बाळ तपासून परत यायची, तेवढ्यात त्याचं तोंड खिडकीकडं झालेलं असायचं. माणूस कूस बदलतोच. पण कूस बदलली की चादर चुरगळते, बाज करकरते. चादर मी घातली तशीच ताठ असायची. बाजेचा आवाज मी एकदाही ऐकला नाही. एकदा ठरवून तिथंच बसले, त्याच्या पाठीवर नजर ठेवून. काही झालं नाही. पाठ पाठच राहिली. डोळा लागला नव्हता, शपथेवर सांगते. पण थोड्या वेळानं मी बघत होते ती पाठ नव्हती, चेहरा होता. आणि मधला वळण्याचा क्षण मला कुठं आठवेना.

महालिंगप्पा आला तो अशाच एका दुपारी. दारातच टोपी काढून घाम पुसला.

"सिस्टर, मला मालूम हाय, पिराजीची तबियत बरी न्हाय. पर उद्या सभा हाय. देवळामागचं ठरवून टाकतेत लोक. एक सुरुंग राहिलाय. त्यात न्हाय लागलं तर माझ्या हातात काय बी उरत न्हाय."

"डॉक्टरांनी सांगितलंय, उतरायचं नाही."

"व्हय. मी त्यांना उतरा म्हणत न्हाय. वरून सांगा फक्त, कुठं लावायचा ते."

"वरून कळत न्हाय," आतून दादा म्हणाला. आम्ही दोघं वळलो. तो पडद्यापाशी उभा होता, सदरा घातलेला, हातात तो दगड.

मी त्याचा दंड धरला. "दादा, तुझी छाती दगड झालीये. मेलास तर?"

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. तो गरम होता, उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखा. "आय जिथं बसायची त्या जाग्यावर तू कधी बसलीस का, केशर? म्या बसलोय. रिकामी घागर मांडीत घेऊन. मला ते पाणी बगायचंय." मग तो हळू म्हणाला, "आन मला इथं कोरडं हुतंय लई."

"तो दगड कशाला घेतलास?"

"खाली नेतो. इथं तडकायलाय."

महालिंगप्पानं मान खाली घातली होती. मी दंड सोडला नाही. पण दादा चालायला लागला तेव्हा माझ्या हातात काही राहिलं नव्हतं.

६

सुरुंग दुसऱ्या दिवशी सकाळी उडाला. उपकेंद्राची खिडकी थरथरली. मी दोन लेकुरवाळ्या बायकांना थांबवून ठेवलं होतं, त्यांची बाळं एकदम रडायला लागली. त्यांना औषध देऊन, भाकरी बांधून, मी गायरानात पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

विहिरीवर यारी होती, दगड वर ओढायची. यारीच्या रहाटाशी कोंडिबा आणि आणखी एक गडी. दादाला डोलात बसवून त्यांनी खाली सोडलं होतं, सुरुंग नीट उडाला की नाही ते बघायला. मी कोंडिबाला बोलणार, एवढ्यात खालून दादाचा आवाज आला. नेहमीचा, मोठा, खणखणीत आवाज.

"लागलं! पाणी लागलं रे!"

कोंडिबानं डोक्याचं मुंडासं काढून हवेत उडवलं. "सिस्टर, थांबा हितं, चेअरमनला सांगून येतो!" आणि दोघंही धावत सुटले, पार गावापर्यंत ओरडत गेले. गायरानात मी एकटी राहिले. झाड नाही, सावली नाही, वारा नाही. फक्त ती तडतड. आता ती कुणाच्या छातीतून येत नव्हती. सगळ्या विहिरीतून येत होती, जणू खाली गावभराच्या लाह्या फुटताहेत.

"दादा!" मी हाक मारली.

मी काठापासून जरा मागंच उभी होते, मान पुढं काढून. ऊन सरळ तळाला पोचलं होतं. पाणी भराभर चढत होतं. आधी दुधासारखं पांढरं, मग बघता बघता निवळत गेलं. काचेसारखं झालं. तळ दिसायला लागला, आणि तो काळा नव्हता.

मी जे बघितलं ते सांगते, तेवढंच सांगते. सुरुंगानं फुटलेल्या पाषाणाच्या प्रत्येक भेगेतून काहीतरी बाहेर आलं होतं. मऊ, बारीक, बोटांसारखं. जांभळं आणि हिरवं. सगळी वर, उन्हाकडं वळलेली, डुलत होती. पाणी स्थिर होतं आणि ती डुलत होती. मधोमध दादा बसला होता, पाण्याखाली, मांडी घालून, चेहरा वर. डोळे उघडे होते. तो बुडत नव्हता. धडपडत नव्हता. इतका निवांत बसलेला मी त्याला वहिनी गेल्यापासून कधी बघितला नव्हता. त्याची कातडी पांढरी राहिली नव्हती, तिला रंग आला होता. आणि तीसुद्धा डुलत होती.

मी त्याला हाक मारायला पुढं वाकले. माझी सावली पाण्यावर पडली.

ते सगळं एकदम मिटलं. दादासुद्धा.

खाली काळा पाषाण होता आणि स्वच्छ पाणी.

७

लोक आले तेव्हा मी काठापासून लांब, जमिनीवर बसले होते. डोल वर ओढला, तो रिकामा होता. पोहणारी माणसं बुड्या मारून आली, तळ लागला, दुसरं काही लागलं नाही. इंजिन लावून उपसलं. पाणी उतरलं नाही. पोलीस येऊन विचारून गेले. मी म्हटलं, मी आले तेव्हा फक्त आवाज ऐकला.

बुडालेला माणूस उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वर येतो. हे मला कुणी सांगायला नको होतं. कुणी वर आलं नाही. मग गावानं आपापलं ठरवलं. फिरस्ता माणूस होता, गडबडीत पलीकडच्या कपारीनं वर चढला असेल, परत समुद्राकडं गेला असेल. कोंडिबानं तर नळदुर्गच्या ढाब्यापाशी त्याला एका ट्रकमधे चढताना बघितलं, असं शपथेवर सांगितलं. त्याला ते खरंच दिसलं असेल. मी कुणाला खोटं ठरवणार?

विहीर काठाखाली दोन हातांपर्यंत भरली आणि तिला कुणी हात लावेना. गावातली म्हणायची, माणूस आत आहे, पाणी बाटलं. वस्तीतली म्हणायची, बाटलं म्हणतात ते माणसामुळं नाही, आपल्यामुळं म्हणतात. विहिरीला पाणी लागलं म्हणून वरून टँकर बंद झाला. लोक ओढ्यात झरे उकरून गढूळ पाणी भरायला लागले, आणि माझ्याकडं पोरं यायला लागली. हागवण, उलटी, खोल गेलेले डोळे. सरुबाई सुईणीचा नातू माझ्या मांडीवर गेला. मी सलाईनची सुई हातात घेऊन बसले होते आणि शीर सापडत नव्हती.

पाण्याचा नमुना तपासायला पाठवला होता. पिण्यास योग्य, असं आलं. तरी पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायचं काम माझं. मी डबा घेऊन गायरानात गेले, झाकण काढलं. ती पावडर काय करते ते मला माहीत आहे. झाकण लावून परत आले.

त्याच संध्याकाळी महालिंगप्पा आला. या वेळी तो आत येऊन बसला, माझ्या घरात, पहिल्यांदा.

"सिस्टर, मी उद्या समद्यांना बोलावलंय. देवळामागचं पुन्हा काढलंय लोकांनी. ते झालं की संस्था फुटली, ही विहीर बुजवतेत." "तुमी प्यालात तर लोक पितील. तुमचा भाऊ आत असता तर तुमी प्याला नसता. एवढं एकच लोकांना पटण्यासारखं हाय माझ्याकडं."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला पोरं दिसायलेत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आलं, सगळी वस्ती आली. दोन बाजूंना दोन घोळके, मधे विहीर. काठावर नवा पोहरा आणि दोर ठेवला होता. मी पुढं झाले. माझ्या पायांचा आवाज मला ऐकू येत होता इतकी शांतता. आकाशाकडं बघत, पाण्याकडं न बघता, मी पोहरा सोडला, ओढला, तांब्या भरला.

पाणी गार होतं. मी तांब्या तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. घशाखाली जाताना त्यात दुसरं काही जातंय का, ते मी जिभेनं शोधत होते. तेवढ्यात वस्तीतली पोरं ओरडली, कुणीतरी "जयभीम" म्हणालं, आणि त्या बाजूच्या बायका घागरी घेऊन निघाल्या.

गावाची बाजू हलली नाही.

मग तिथून एक म्हातारी बाहेर पडली. महालिंगप्पाची आई, शिवम्मा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, काठी टेकत. मधली मोकळी जागा ओलांडून ती माझ्यापर्यंत आली. लेकानं "अव्वा" म्हणून हाक मारली, ती थांबली नाही. मी प्याले त्याच तांब्याला तिनं हात घातला. आमच्या गावात हे कधी झालं नव्हतं. दादानं सगळं आयुष्य खडक फोडला तो हे बघायला.

"भर पोरी," ती म्हणाली. "तुझ्या हातानं भर. लई तहान लागलीया."

तिच्या मागं सगळं गाव उभं होतं. पोरं कडेवर घेऊन बायका उभ्या होत्या. आत काय आहे ते फक्त मला माहीत होतं, मला तिला नको म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. शिवम्मा माझ्या तोंडाकडं बघत होती. सगळेच बघत होते.

मघाशी तांब्या भरल्यावर दोर हातातून निसटून पोहरा खाली कपारीला अडकला होता. आकाशाकडं बघून तो सुटणार नव्हता. मी काठाला गुडघे टेकले आणि पाण्यावर वाकले.